आइल रॉयलला जाताय? आधी या चुका टाळा

‘पुढच्या वीकेंडला आइल रॉयल उरकून टाकू म्हणतोय’ असा मेसेज आला की मी कपाळाला हात लावतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं, लेक सुपीरिअर या सरोवरातलं हे बेट ७२ किलोमीटर लांब आहे आणि १९४० पासून नॅशनल पार्क आहे. तिथे पूल नाही, रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. पोचायचं ते बोटीने, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट चक्क बंद असतं. मिशिगनमधल्या होटनहून सुटणारी ‘रेंजर थ्री’ बोट एका बाजूलाच सहा तास घेते. ज्यांना काहीतरी ‘उरकायचं’ आहे त्यांनी वॉटरपार्कवाल्या विस्कॉन्सिन डेल्सला जावं, तिथे सोय चांगली आहे.

घड्याळाचा घोळ

ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता कोणी प्लॅन सांगायला लागलं की आधी हेच विचारतो. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं मिनिॲपोलिसहून निघाली. रात्रीचा मुक्काम आयर्नवूडला, कारण तिथे हॉटेल स्वस्त. सकाळी आठची बोट कॉपर हार्बरहून. दोन्ही गावं मिशिगनमध्येच, म्हणजे वेळही एकच, असा सरळ हिशोब त्यांनी केला. पण मिशिगनच्या ज्या चार काउंट्या विस्कॉन्सिनच्या हद्दीला लागून आहेत, त्या सेंट्रल टाइम पाळतात, आणि आयर्नवूड त्यांतल्याच एकीत आहे. बाकी सगळं राज्य ईस्टर्नवर, म्हणजे एक तास पुढे.

पहाटे चारला निघाले. तीन तासांचा रस्ता, सातला पोचू, तासभर हाताशी. वाटेत फोनमधलं घड्याळ गुपचूप एक तास पुढे सरकलं. पण मागे पोरं झोपलेली, पुढे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा फिरतोय, फोनकडे बघतो कोण! धक्क्यावर पोचले तेव्हा बोट सुटून बंदराबाहेर वळत होती. त्यांच्यातला एक जण तर ‘अजून तास आहे’ म्हणून तिथल्या पोराशी हुज्जत घालत बसला. दुसऱ्या दिवशीची बोट भरलेली. शेवटी जवळच्या ब्रॉकवे माउंटनवर फोटो काढून मंडळी घरी आली आणि ‘आइल रॉयलला काही विशेष नाही’ असं सांगत फिरली.

माझी रीत ठरलेली आहे. आदली रात्र धक्क्याच्याच गावात काढायची. हॉटेल महाग पडतं, पडू दे. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ, आणि ते संध्याकाळीच बोटीच्या वेळेला लावून ठेवायचं. मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजहून जाणाऱ्यांनी तर दुप्पट सांभाळावं, कारण तिथला धक्का सेंट्रलवर आणि बेट ईस्टर्नवर.

आणि परतीच्या तारखेपुढे एक दिवस मोकळा ठेवा. लाटा उसळल्या की बोट सुटत नाही, धुकं पडलं की विमान उडत नाही. त्याच संध्याकाळचं शिकागोहून पुढचं विमान बुक करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

‘एवढं नितळ पाणी, त्याला काय होतंय?’

होतंय. बेटावर लांडगे आहेत आणि त्यांच्या विष्ठेतून हायडॅटिड टेपवर्म या पट्टकृमीची अंडी पाण्यात जातात. पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होऊ शकतात. क्लोरीनच्या गोळ्या किंवा बाटलीत फिरवायची यूव्हीची दांडी, यांच्या भरवशावर इथे राहू नका. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळायचं, नाहीतर ०.४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून गाळायचं. गोळी टाकून मोकळं व्हायची घाई असेल तर घरचं ॲक्वागार्ड बरं. पाण्यावर हिरवट तवंग दिसला तर मात्र तिथून पाणी घेऊच नका. त्यातलं विष उकळूनही जात नाही आणि गाळूनही.

मी फिल्टर जोडलेली पाण्याची पिशवी फांदीला टांगतो, ती गळेपर्यंत चहा होतो. सप्टेंबरात थंडी असली तर फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतो, कारण आतलं पाणी गोठलं की त्याच्या नळ्या तडकतात आणि वरून काही कळत नाही.

बाकीचं थोडक्यात

कुत्रा नेऊ नका. ‘आमचा छोटा आहे, बोटीतच राहील’ हेही चालत नाही. १९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते, १९८२ मध्ये १४ उरले. माणसांबरोबर आलेल्या कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूचा त्यात हात असल्याचं मानतात. पुढे तर दोनच राहिले, तेव्हा २०१८ पासून बाहेरून १९ आणून सोडले. १९५८ पासून तिथे लांडगे आणि मूस (भलंमोठं हरीण) यांचा अभ्यास चालू आहे.

लांडगा दिसेल या आशेवर जाऊ नका. मूस दिसायची शक्यता बरी; बेटाच्या पश्चिम टोकाच्या विंडिगो धक्क्याजवळ वॉशिंग्टन क्रीकवर पहाटे गप्प बसा. पिल्लू बरोबर असलेल्या मादीपासून लांब राहा, सेल्फी गेली खड्ड्यात.

कॅम्पवरचे जाळीचे शेल्टर आधी येईल त्याचे. एस्टीत खिडकीतून रुमाल टाकावा तशी मागून येणाऱ्यांसाठी पिशवी ठेवून जागा धरू नका. सात किंवा जास्त माणसं असतील तर ग्रुपचं परमिट आधीच काढावं लागतं. दहाचे पाच-पाच करून ‘आम्ही एकमेकांना ओळखत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकाच डब्यातून चिवडा तरी खाऊ नये.

बूट रात्री तंबूच्या आत घ्या, कोल्हे पळवतात.

जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या फोडून काढतात. मला विचाराल तर ऑगस्टअखेर जा.

विमानाने जाणाऱ्यांना स्टोव्हचं इंधन नेता येत नाही. ते बेटावरच रॉक हार्बर किंवा विंडिगोच्या दुकानात घ्यायचं, आणि स्टोव्ह न्यायचाच, कारण शेकोटीला प्रत्येक कॅम्पवर परवानगी असतेच असं नाही.