लघवीच्या जागेवर काही दिसलं, तर आधी ती ट्यूब बाजूला ठेवा

लिंगावर किंवा वृषणाच्या कातडीवर डाग, पुळी, चट्टा दिसला की आपल्याकडचा माणूस आधी मेडिकलवर जातो, मग मित्राला विचारतो. दोन्हीकडे उत्तर न पाहताच मिळतं: "उष्णता झाली असेल, ही ट्यूब लाव." सरकारी दवाखान्यात समुपदेशन करताना अशा ट्यूबांनी बिघडलेल्या कातड्यांच्या तक्रारी मी इतक्या ऐकल्या आहेत, की आता हा सल्ला ऐकला तरी राग येतो.

आधी नीट बघा. आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, पुढची कातडी हलक्या हाताने मागे घेऊन. बघून झालं की कातडी लगेच पुढे आणा. मागेच अडकून सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. तारखेसह एक फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांना उपयोगी पडतो.

काही गोष्टी आजार नसतातच. बोंडाच्या कडेने ओळीत बसलेले बारीक, एकसारखे, कातडीच्या रंगाचे दाणे. लिंगावर आणि वृषणावर खसखशीएवढे पिवळट ठिपके, म्हणजे तेलाच्या ग्रंथी. वय वाढल्यावर वृषणावर येणारे लालसर-जांभळे बिंदू. हे कुणाला लागत नाहीत. खरवडू नका, फोडू नका.

आता सगळ्यात अवघड काम: लावणं थांबवणं. हे पटवून देताना माझी सुरुवातीची काही वर्षं गेली. बीड, लातूर, परभणीचा उन्हाळा, अंगाला चिकटलेली जीन्स, दिवसभराचा घाम, टँकरच्या पाण्यात कशीबशी आंघोळ. जांघेत गजकर्ण उठणारच. त्यावर मेडिकलवाला जी ट्यूब देतो, तिच्यात बुरशीच्या औषधासोबत बऱ्याचदा स्टिरॉइड, म्हणजे खाज-सूज नुसती दाबणारं औषध, असतं. खोक्यावरचे बारीक शब्द वाचा: क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन. यातलं एकही नाव दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय या जागेला लावायची नाही. इथली कातडी पातळ असते, औषध जास्त मुरतं.

फसगत होते ती अशी. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस म्हणतो गुण आला. आत बुरशी वाढतच असते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होऊन येते, म्हणून तो परत लावतो. महिने जातात. जांघेत कायमच्या रेघा पडतात, वृषणाची कातडी लालबुंद होऊन आग आग करते, आणि गजकर्णाची ती ओळखू येणारी गोल कडच पुसली जाते. मग डॉक्टरांनाही निदान जड जातं.

थांबवल्यावरचे पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधीच सांगतो. त्याच दिवसांत लोक हार मानतात. गार पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, सैल सुती चड्डी वापरा, टॉवेल वेगळा ठेवून उन्हात वाळवा आणि त्याच आठवड्यात दाखवा. डेटॉल, चुना, लसूण, रॉकेल यांतलं काहीही नको. ट्यूब कित्येक महिने चालू असेल तर बंद कशी करायची हेही डॉक्टरांनाच विचारा. त्यांनी दिलेली बुरशीची गोळी खाज थांबली तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या.

दुखणाऱ्या पुरळापेक्षा मला जास्त भीती न दुखणाऱ्या जखमेची वाटते. संबंधानंतर साधारण 10 ते 90 दिवसांत एखादी कडक बुडाची, न दुखणारी जखम येते आणि 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरते. माणूस निश्चिंत होतो. ती सिफिलिसची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या आजाराची, असू शकते; जखम भरते, आजार रक्तात राहतो. रक्ताची तपासणी आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन, एवढ्यावर तो बरा होतो. पण जोडीदाराचीही तपासणी हवीच, ती गरोदर असेल तर बाळाला धोका असतो. घोळक्याने येणारे, आग करणारे पाण्याचे फोड आणि फुलकोबीसारखे मस हेही दाखवायचेच.

प्रत्येक डाग संबंधातूनच येतो असं मात्र समजू नका. अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळा गोल डाग उठत असेल, तर ती त्या गोळीची ॲलर्जी आहे. रात्री खाज, वृषणावर गाठी आणि घरात इतरांनाही खाजतंय, तर खरूज. औषध सगळ्या घराला एकाच वेळी. पुढच्या कातडीला चिरा पडून ती आवळत चालली असेल, तर आधी रक्तातली साखर तपासा. कितीतरी जणांचा मधुमेह इथूनच कळतो.

दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, वाढत जाणारी गाठ, पांढरी पडून आवळलेली कातडी किंवा बंद कातडीच्या आतून येणारा घाण वास, यासाठी थांबू नका. कर्करोग नाही ना, हे तपासायलाच हवं. अचानक भयंकर वेदना, सूज, ताप आणि कातडी काळी पडणं, असं झालं, विशेषतः मधुमेह असेल, तर रात्री दोन वाजताही गाडी काढा.

एरवी जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना, किंवा संभाजीनगरची घाटी (सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतला त्वचारोग विभाग. एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करून आधी बोलताही येतं. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, आणि काय काय लावलंत ते विचारायच्या आत सांगा.