नवरा ग्रीन कार्डवर, बायको जळगावात: मधल्या वर्षांची तयारी

बायोडेटावर 'यूएस सेटल्ड' एवढं दिसलं की आपल्याकडे बैठक ठरते. पगार विचारतात, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारतात, रावेरकडे केळीची बाग किती तेही विचारून घेतात. व्हिसा कोणता हे मात्र कुणी विचारत नाही, जणू ते विचारणं म्हणजे मुलावर संशय घेणं. तयारी इथूनच सुरू करा. सुपारी फुटायच्या आधी थेट मुलालाच विचारा, मध्यस्थाला नको. तिथे सध्या कोणत्या व्हिसावर आहेस, ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय, आणि कार्ड मिळालं असेल तर ते कोणत्या तारखेचं.

हे विचारायचं कारण असं की अमेरिकेचा नियम ऐकायला उफराटा वाटतो. एच-१बीवर नोकरी करणाऱ्याचा मुक्काम कागदोपत्री तात्पुरता असतो, तरी तो लग्न करून बायकोला एच-४ व्हिसावर नेऊ शकतो. एच-४ला वार्षिक कोटा नाही. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोला आकड्याची रांग नाही, कागदपत्रांना लागेल तेवढाच वेळ. अडकतो तो मधला, ग्रीन कार्डवाला. कार्ड मिळाल्यावर त्याने लग्न केलं तर बायको एफ२ए नावाच्या वर्गात जाते, आणि या वर्गाला दरवर्षी ठरावीकच व्हिसा मिळतात. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात ही रांग मोकळी होती. एप्रिल २०२३ मध्ये ज्या तारखेपर्यंतच्या अर्जांना व्हिसा देतात ती तारीख एकदम सप्टेंबर २०२० वर मागे नेली, आणि तेव्हापासून थांबणं वर्षांत मोजावं लागतंय. म्हणून कुणी म्हणालं, "आमच्या पोरीचं तर पटकन झालं," तर एवढंच विचारा, कोणत्या साली?

कार्ड अजून मंजूर व्हायचं असेल, पण अर्ज शेवटच्या टप्प्यात असेल, तर ही यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट समजा. कार्ड मंजूर होण्याच्या आधी लग्न झालेलं असेल तर बायकोला नवऱ्याच्याच अर्जाच्या आधारे मागून जाता येतं, तिला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आणि आपल्याकडे घरोघरी चालतं ते नेमकं याच्या उलट: "कार्ड हातात येऊ द्या, मग धूमधडाक्यात लावू." लग्न आधी लावा, मांडव मागाहून घाला. अर्ज चालू असताना मुलाने भारतात यायचं की नाही, परत जाताना कोणता कागद जवळ लागेल, हे त्याने तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारूनच तिकीट काढावं. कोर्ट मॅरेजचा बेत असेल तर ध्यानात ठेवा, विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि मुलाची रजा बहुधा तेवढी नसते. विधिवत लग्न लावून नंतर नोंदणी करणं हा सोपा मार्ग.

नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होते, गावात ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. नव्वद दिवसांच्या आत केली तर दंड लागत नाही. तुम्ही मात्र नव्वद दिवस थांबू नका, मुलगा इथे असतानाच सह्या उरका. भटजी आणि साक्षीदार यांच्या ओळखपत्रांच्या प्रती लग्नघरातच गोळा करून ठेवा, नंतर भटजी सापडत नाहीत. प्रमाणपत्राच्या दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या.

आता नावं. खानदेशात फायली सगळ्यात जास्त इथे रखडतात, म्हणून जरा सावकाश वाचा. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, नुसतं 'स्त्री' लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पाटील, आधारवर चौधरी, कारण मोठ्या काकांनी मूळ आडनाव लावलं आणि वडिलांनी पाटीलकी ठेवली. आईचं नाव एका कागदावर लाडाचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर गायब. आपल्याला सगळं एकच माणूस आहे हे माहीत असतं, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला नसतं. म्हणून लग्नाआधीच जन्मदाखला काढा आणि त्यावर मुलीचं पूर्ण नाव, आई आणि वडील दोघांची नावं आहेत का ते पाहा. नाव कोरं असेल तर ज्या कार्यालयात नोंद आहे तिथे जाऊन ते भरून घ्या. नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला ठेवा. कागद नुसता मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या निवेदनासह, लागेल.

लग्नात तांदळात नवं नाव लिहायची हौस असेल तर लिहा, पण तांदळातच राहू द्या. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. अर्धे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्धे सासरच्या, ही अवस्था सगळ्यात वाईट. माझं स्पष्ट मत आहे की व्हिसा हातात पडेपर्यंत माहेरचंच नाव चालू ठेवावं. सासूबाई रुसतील, पण रुसवा निघतो.

बायकोला रांगेत लावायचा अर्ज नवऱ्याने करायचा असतो, आय-१३० नावाचा. बायकोला स्वतःहून ही सुरुवात करता येत नाही, आणि या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात खुपणारं कलम हेच आहे. अर्ज ज्या दिवशी तिकडे पोचतो ती तुमची रांगेतली तारीख, तेव्हा लग्नानंतर लगेच, हनिमूनचे फोटो धुऊन यायच्या आत, तो गेला पाहिजे. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. फी बदलत असते, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बघा. पावती आली की तिची प्रत, नवऱ्याच्या कार्डाची आणि पासपोर्टची प्रत, त्याचा तिथला पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि पुढे मिळणारा केस नंबर मुलीच्या स्वतःच्या फोनमध्ये आणि घरच्या फाइलमध्ये असू द्या. हे मागताना कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. मुलीचा पासपोर्ट मुलीजवळच राहील, सासऱ्यांच्या कपाटात नाही. आणि परदेशी नवऱ्याने टाकून दिल्याची वेळ आलीच तर राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे, एवढं घरात कुणाला तरी माहीत असावं.

लग्न खरं आहे याचा पुरावा साठवत जा. स्टुडिओतल्या अल्बमपेक्षा घरचे साधे फोटो जास्त बोलतात. श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू मोजून रोटाचं दळण काढतात. नवरा ह्यूस्टनला असला तरी त्याच्या नावाची मूठ पडतेच, ती टाकताना सूप बायकोच्या हाती असू द्या. असा एखादा फोटो, मागे दिर-जावा, समोर पाट, व्हिडिओ कॉलवर नवरा, काढून ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि त्याच वेळी तो सुट्टीवर असला तर झोक्याजवळचा काढा. तारखा आपोआप जपल्या जातील असं पाहा. पैसे पाठवल्याच्या नोंदी, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, सगळं एका पाकिटात.

रांगेत असताना "फिरायला म्हणून जाऊन येते" हा सल्ला हमखास मिळतो. पर्यटक व्हिसासाठी परत येण्याचा इरादा पटवून द्यावा लागतो, आणि तुमच्या नावाने तर कायमचं राहण्याचा अर्ज आधीच पडलेला असतो. नकार मिळण्याची शक्यता मोठी, फी गेली ती गेलीच. अर्जात खोटं लिहून जायचा तर विचारही नको, त्याने पुढचा मोठा व्हिसाच गमावून बसाल. "लॉटरीतून करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच वळवा, अमेरिकेच्या व्हिसा लॉटरीला भारतात जन्मलेले पात्रच नाहीत. आणि "ओळखीने तारीख पुढे घेतो" म्हणणारा तर निव्वळ लबाड, ती तारीख दर महिन्याला व्हिसा बुलेटिन नावाच्या अमेरिकेच्या सरकारी पत्रकात जाहीर होते आणि सगळ्यांना सारखीच लागू असते.

मग ती राहणार कुठे? लग्न ठरवताना याचं उत्तर गृहीत धरतात: सासरी. पण ज्याच्यामुळे ते सासर, तोच घरात नाही, आणि तिला चोपड्याच्या वाड्यात सासू-सासऱ्यांच्या गोळ्या-औषधांचं वेळापत्रक सांभाळत बसायचं. काही घरांत हे प्रेमाने होतं, काही घरांत तिची फुकटची नर्स होते. दोन्ही घरच्यांनी बसून आधीच बोलून घ्या, आणि मुलगी नोकरी करत असेल तर नोकरीच्या गावी राहील हे तेव्हाच सांगून टाका. "आता जायचंच आहे" म्हणून नोकरी सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षी त्या कुणाशी बोलेनाशा होतात. बीएड राहिलं असेल तर करा, एखादी परीक्षा द्या, गाडी शिका, तिकडे ती लागणारच आहे. नवऱ्याने दरमहा काही रक्कम तिच्या एकटीच्या खात्यावर पाठवावी, सासऱ्यांच्या खात्यावरून फिरून नको.

लग्नाकार्यात प्रत्येक मावशी विचारणार, "कव्हय जाशी वं अमेरिकाले?" एक ठरलेलं उत्तर तयार ठेवा, "नंबर लागना का जासू," आणि जेवायला बसा. प्रत्येकीला एफ२ए समजावायला गेलात तर पंगत उठून जाईल.

नवऱ्याला पाहिजे तेवढं इथे राहता येत नाही, हे सासरच्यांनीही समजून घ्यावं. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न उभा राहतो, परवानगीशिवाय वर्षाहून जास्त राहिला तर कार्डच धोक्यात येतं. त्याच्या रजा दिवाळीत खर्च करायच्या की बाळंतपणाला राखून ठेवायच्या, हे दोघांनी ठरवावं. मधल्या काळात मूल झालं तर जन्माची नोंद एकवीस दिवसांत करून घ्या, बापाचं नाव त्याच्या पासपोर्टवर आहे अक्षरन्‌ अक्षर तसंच. एफ२ए मध्ये मूल आईच्याच अर्जात जातं.

पण इथे एक खाच आहे. कार्ड मिळून पाच वर्षं होताहेत असं दिसलं की नवरा नव्वद दिवस आधीपासून नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो. तो नागरिक झाला की बायको रांगेतून सुटते. त्याने फक्त नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे मुलाखतीआधी फाइल सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या कार्यालयाला, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवून कळवायचं. लेकराचा मात्र त्या क्षणी आईच्या अर्जातला हक्क संपतो आणि त्याच्यासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. आई सुटली आणि मूल मागे राहिलं, असं व्हायला नको. म्हणून कार्डाच्या तारखेपासून पाच वर्षं कधी होतात ते आजच कॅलेंडरवर लिहा. कार्ड जुनं असेल तर रांगेपेक्षा हाच रस्ता लवकर उघडतो.

नंबर जवळ आला की व्हिसा सेंटर फी मागतं, माणशी ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२०. हमीचा फॉर्म आय-८६४. त्यात नवऱ्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावं लागतं. त्याने लग्नानंतरच्या वर्षांचे कर विवाहित म्हणूनच भरलेले असावेत, 'सिंगल' लिहून भरलेला एक रिटर्न मुलाखतीत नको तो प्रश्न काढतो. मुलीच्या वाट्याला डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म येतो, आणि त्यात सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात. धुळ्याचं वसतिगृह, नाशिकची कॉट बेसिस, पुण्यातल्या तीन खोल्या, महिन्यांसकट. आठवतंय तोवर वहीत लिहून काढा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो, पण तो आधीच काढून ठेवू नका, शिळा होतो.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी, आणि बोटांचे ठसे. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडलं तर काही टोचण्या वाचतील. ही कामं एका दिवसात होत नाहीत, तेव्हा रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसचं तिकीट आणि कल्याण-डोंबिवलीतल्या नातेवाइकांकडचा मुक्काम दोन्ही पक्कं करा. तिला एकटीला जाऊ द्या हवं तर, पण फाइल दोघांनी तपासा.

व्हिसा साधारण वैद्यकीय तपासणीच्या मुदतीएवढाच चालतो, जास्तीत जास्त सहा महिने, म्हणजे निघायला वेळ मिळतो. राजीनामा व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यावरच द्या. मग ग्रीन कार्डसाठीची २३५ डॉलर फी ऑनलाइन भरा, इथल्या बँकेला आणि शेतीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव असेल तर भावाला काय करायचं ते मुखत्यारपत्राने लिहून द्या, आणि मूळ दाखले हातातल्या बॅगेत घ्या, सामानात टाकू नका.