सिम्युलेटरच्या चाचणीआधी खुर्चीत बसून उडा
पायलटच्या नोकरीसाठी मुलाखत आणि सिम्युलेटरची चाचणी असेल, तर आठवडाभर आधीपासून घरच्या खुर्चीत बसून रोज एक उड्डाण करा. समोर भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर, हातात चेकलिस्ट, कॉलआउट (वेग, उंची वगैरे बोलून सांगणं) मोठ्याने. घरचे हसतील, हसू द्या.

ऑटोपायलट बंद करून आयएलएस (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर उतरणं) उडवायला सांगितलं, तर एक हिशेब तोंडपाठ हवा: ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग, नॉटमध्ये) गुणिले ५. १४० नॉट असतील तर ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याच्या तिरक्या मार्गावर) मिनिटाला साधारण ७०० फूट उतरायचं. १६० असतील तर ८००. मार्ग दाखवणारी सुई हलली की तिच्यामागे धावू नका. पिच (विमानाच्या नाकाचा कोन) अर्धा-एक अंश बदला, थांबा, बघा. अप्रोच (धावपट्टीकडे येणं) बिघडलाच तर ओढूनताणून उतरवण्यापेक्षा सरळ गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) म्हणा, तेवढ्याने सहसा कुणी नापास होत नाही.

आणि हो, मुलाखतीला निघण्याआधी लॉगबुकातल्या तासांची बेरीज पुन्हा तपासा.