वाईन चाखायची कशी, पाहुण्यांना द्यायची कशी: बेळगावच्या जिभेनं

आमच्याकडे ‘वाईन्स’ अशी पाटी लावलेल्या दुकानात खरोखरची वाईन मागितली की दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. रम, व्हिस्की, बिअर हाताशी रचलेली असते. वाईन कुठल्यातरी वरच्या फळीवर धूळ खात असते. त्यात बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच घरांत वाईनची पहिली ओळख गोव्याहून आलेल्या गोड ‘पोर्ट’नं झालेली. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच, पण ‘वाईन म्हणजे गोड’ हे तिनं डोक्यात पक्कं बसवलं. मग कधीतरी साखर नसलेली रेड वाईन तोंडात गेली की चेहरा वाकडा होतो.

माझ्या घरी हे साग्रसंगीत घडलं. एप्रिल महिना, रविवार, मामा जेवायला. मी हौसेनं शिराझची बाटली आणली. ‘रेड वाईन रूम टेम्परेचरला द्यावी’ असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून ती सकाळपासून फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आणि दुपारी स्टीलच्या पेल्यांतून तांबड्या रश्श्याबरोबर दिली. मामांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “कसलं काढा हाय की गा हे!” मामांचं बरोबर होतं. त्या बाटलीत काही खोट नव्हती, चुका सगळ्या माझ्या होत्या. त्या कोणत्या, ते पुढं येईलच.

घ्यायची कुठली

सुरुवातीला तीनच नावं लक्षात ठेवा, तिन्ही द्राक्षांच्या जातींची. शेनिन ब्लाँ ही पांढरी, बहुतेक वेळा किंचित गोडसर, पहिल्या घोटाला घाबरवत नाही. सोव्हिन्यों ब्लाँ हीसुद्धा पांढरी, पण आंबूस आणि चटकदार. शिराझ ही लाल. नाशिकची सुला, नंदी हिल्सच्या पायथ्याची ग्रोव्हर या वाईन बनवणाऱ्या कंपन्यांकडे हे प्रकार मिळतात. हंपीजवळची कृष्मा जरा महागातली, ती नंतर कधीतरी. ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर शिकायला तीच बरी.

बाटलीवरचं साल बघा. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज आपल्या बजेटातल्या बाटल्यांना लागू होत नाही. पांढरी तर दोन-तीन वर्षांच्या आतलीच घ्या. उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये उभी असलेली बाटली फुकट दिली तरी नको. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका, नवशिक्याला ते सोयीचंच.

चोर्ल्यामार्गे गोव्याला जाऊन स्वस्तात चार बाटल्या डिकीत टाकून आणू, हा विचार मनात येतोच. कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर तो उतरतो. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक, तिघांचे अबकारी कायदे वेगळे आणि परवान्याशिवाय दारू हद्दीपार नेणं गुन्हा. १९५६ पासून आपल्या बोकांडी बसलेली सीमा बाटलीलाही सुटलेली नाही.

जाता जाता एक गोष्ट. कर्नाटकाच्या २००७ च्या वाईन धोरणात कृष्णा खोऱ्याचं नाव आहे, पण अथणी, विजयपूर किंवा पलीकडे तासगावला आपण जे मळे बघतो ते मुख्यतः खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांचे. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं असतं. खायला घेतलं तर तुम्ही थुंकून टाकाल. त्या साली आणि बियांतच सगळी गंमत असते. बाजारातून काळी द्राक्षं आणा आणि एक बोटांत दाबून बघा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. लाल वाईनचा रंग येतो तो रस सालींसकट आंबवल्यामुळं. सालींशिवाय आंबवलेला रस म्हणजे पांढरी वाईन.

गार किती, हा खरा प्रश्न

सगळं विसरलात तरी हे विसरू नका. ‘रूम टेम्परेचर’ हा शब्द युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून आला. तिथल्या खोलीत १६ ते १८ अंश असायचे. आमचं बेळगाव अडीच हजार फुटांवर, हवा थंड म्हणून मिरवणारं, पण एप्रिलच्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात ३३ अंश होते, फ्रिजवर त्याहून जास्त. एवढ्या गरम वाईनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. मामांना काढा आठवला तो त्यामुळं.

लाल वाईन १५ ते १८ अंशांना, पांढरी ८ ते १२, बुडबुड्यांची स्पार्कलिंग ६ ते ८. थर्मामीटरची गरज नाही. लाल बाटली द्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी तीन तास ठेवा आणि ओतायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढा, कारण बर्फासारख्या गार वाईनला वासच राहत नाही. डिसेंबरात मात्र लाल बाटली रात्री खिडकीत ठेवली तरी चालते, तेव्हा बेळगावची हवा आपलं काम फुकटात करते.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशी वेळ आली तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला. पूर्वी लग्नात हातानं फिरवायच्या पॉटमधलं आइस्क्रीम व्हायचं, तीच युक्ती. मिठामुळं बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं आणि पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. १५ ते २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात खुपसलेली बाटली तासभर घेते.

ग्लासात बर्फाचे खडे टाकायचे का? मी टाकत नाही, वाईन पांचट होते. पण तुमच्याकडच्या काकांना तसंच आवडत असेल तर वाद घालू नका.

उघडणं आणि ओतणं

बाटलीच्या ओठाखालून वेष्टण कापा. कॉर्कस्क्रूचं टोक बुचाच्या मधोमध टेकवून सरळ आत फिरवा, शेवटचा वेढा बाहेर राहू द्या आणि हळू ओढा. बूच तुटलंच तर उरलेलं आत ढकला आणि चहाच्या गाळणीतून वाईन गाळून घ्या. गाळणी मात्र चहाच्या वासाची नको. माझी होती.

स्पार्कलिंगची गोष्ट वेगळी. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. बाटली चांगली गार हवी, ४५ अंशांत तिरकी आणि तोंड माणसांपासून दूर. बुचाभोवतीची तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. धडाका झाला तर लग्नाच्या वरातीत शोभेल, इथं ‘फुस्स’ एवढाच आवाज यायला हवा.

ग्लास पातळ काचेचा, पोटात रुंद आणि तोंडाशी थोडा आवळलेला असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. दांडीचे ग्लास नसले तर साधे काचेचे चालतील. स्टील नको. त्यात रंग दिसत नाही आणि वास पसरून जातो. ग्लासाला भांड्यांच्या साबणाचा किंवा दमट फडक्याचा वास येत नाही ना, एकदा हुंगून बघा. आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या ग्लासांना कुबट वास येतोच, म्हणून मी ते आधी खळबळून घेतो. एक-तृतीयांशच भरा. ७५० मिलीच्या बाटलीतून साधारण पाच जणांना एकेकदा मिळते.

पहिला घोटभर यजमानानं स्वतःच्या ग्लासात ओतून हुंगायचा. ही मोठेपणा मिरवायची रीत नव्हे. कधीकधी बुचातल्या दोषामुळं वाईनला पावसात भिजलेल्या पोत्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. तसा आला तर ती बाटली बाजूला ठेवायची, पाहुण्यांपर्यंत न्यायची नाही.

आता चाखायची

लोक इथंच गांगरतात, कारण वाईनवर लिहिणारे ब्लॅककरंट, गूजबेरी असली नावं घेतात. आपण ती फळं कधी हुंगलेलीच नाहीत, मग वाईनमध्ये ती सापडणार कशी? आपली फळं घ्या.

एक संध्याकाळ काढा आणि वाट्या मांडा. एकीत पिकलेला पेरू कापून, एकीत ढोबळी मिरची, एकीत कुटलेले मिरे, एकीत लवंग. जूनमध्ये करत असाल तर खानापूरकडून येणारी जांभळं हवीतच. आणि निपाणीकडचा कुणी ओळखीचा असेल तर चिमूटभर सुकी तंबाखू, फक्त हुंगायला. आधी वाट्या हुंगा, मग वाईन. ग्लास टेबलावर ठेवूनच दोन-तीनदा गोल फिरवा, नाक आत घाला, छोटे छोटे श्वास घ्या. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची आणि पेरू बहुतेकांना पहिल्याच झटक्यात सापडतात. शिराझमध्ये मिरे आणि जांभूळ. लाकडी पिंपात मुरलेल्या लाल वाईनला लवंग, धूर, कधी तंबाखूचा वास असतो. निपाणीत वखारीशेजारी वाढलेल्या माणसाला हा वास फ्रान्सच्या माणसाआधी ओळखता यायला हवा. लाकडाच्या पिंपातल्या एखाद्या पांढऱ्या वाईनमध्ये मला स्वतःला कुंदा आठवतो, दूध आटून कडेला लागायला आल्यावर येतो तो खमंगपणा. बायको म्हणते, तुला सगळीकडे कुंदाच आठवतो.

वाईनमध्ये यांतलं काहीही घातलेलं नसतं. काही गंध द्राक्षातच असतात, काही आंबवताना आणि मुरताना तयार होतात, काही पिंपाच्या लाकडातून उतरतात, आणि त्यांतले काही या फळां-मसाल्यांतल्या गंधांसारखेच असतात.

मग घोट. गिळायची घाई नको, तोंडभर फिरवा आणि चार गोष्टी एकेक करून विचारा. गोड आहे का? आंबट किती? गिळल्यावर तोंडाला जितकं पाणी सुटतं तितकी आंबट. तुरट किती? ही तिसरी गोष्ट म्हणजे टॅनिन, साली-बियांतून उतरलेलं, म्हणून लालमध्ये जास्त. ओळखायचं असेल तर बिनदुधाचा चहा दहा मिनिटं उकळून, बिनसाखरेचा एक घोट घ्या. जीभ कोरडी पडून गालांना चिकटल्यासारखी होते, तेच. सुपारी कातरून चघळली तरी तसंच. चौथी गोष्ट, तोंडात जड लागते की हलकी? साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध, यांतला फरक आठवा.

तुरटपणा म्हणजे वाईन बिघडली, असं नव्हे. मामांचा घोळ अर्धा इथं होता.

बरोबर खायला काय

उरलेला अर्धा तांबड्या रश्श्यात होता. तिखट आणि अल्कोहोल एकत्र आले की जिभेची आग वाढते, त्यात टॅनिन आलं की वाईन आणखी कडवट लागते. म्हणून सावजी मटण किंवा कोल्हापुरी रस्सा असेल तर शिराझ बाजूला ठेवा. चांगली गार, गोडसर शेनिन ब्लाँ काढा, आग शमते. शिराझला साधं, मिऱ्यांवरचं सुकं मटण द्या. मटणातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणाला मऊ करतात, आणि पांढरा रस्साही तिच्याशी भांडत नाही.

कारवारकडून बेळगावात मासे येतात. रव्यात तळलेला बांगडा, वर लिंबू, सोबत सोव्हिन्यों ब्लाँ, यापुढे मला तरी काही सुचत नाही. लिंबाचं काम वाईन निम्मं स्वतःच करते. पावसात कांदाभजी असतील तर स्पार्कलिंग, आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापून काढतात. शाकाहारी घरात खारे काजू, आळूवडी, थालीपीठ यांच्याबरोबर पांढरी वाईन छान जाते. कुंदा किंवा गोकाकचा करदंट मात्र जेवणानंतर वेगळा खा. खाणं वाईनपेक्षा गोड झालं की वाईन चिंचेसारखी आंबट लागते.

टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवाच. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, ती सरबत नव्हे. न पिणाऱ्याला आग्रह नको, त्याच्या ग्लासात कोकम ओता. आणि गाडी चालवणाऱ्याच्याही.

मामा पुढच्या जूनला पुन्हा आले. या वेळी शिराझ अर्धा तास फ्रिजमध्ये, काचेचा ग्लास, सुकं मटण. त्यांनी बराच वेळ घोट तोंडात धरला. मग म्हणाले, “जांभळाचं बी चघळल्यागत लागतंय बघ.” वाट्या मी त्यांच्यापुढं मांडल्याही नव्हत्या.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, लालसुद्धा. तीन-चार दिवस टिकते, नंतर हळूहळू व्हिनेगरकडे जाते. तशी झालीच तर मटण मुरवताना वाटीभर घाला. आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, नाहीतर आमच्याकडच्यासारखं कुणीतरी तिला कोकम समजून सोलकढीत ओततं.