चिवड्याच्या पाऊचसाठी रोटो छपाई: ऑर्डरआधीचा हिशोब

रोटो, म्हणजे ग्रॅव्ह्युअर छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो. सहा रंग, सहा सिलिंडर, आणि त्यांचा खर्च पहिला पाऊच निघायच्या आधीच होतो. त्यात छापणारा किमान ऑर्डर किलोत सांगतो. म्हणून आधी पाऊचचं वजन काढा.

समजा पाऊच १६० बाय २३० मिमी. दोन्ही बाजू धरून ०.०७३६ चौरस मीटर. १२ मायक्रॉन पॉलिस्टर चौरस मीटरला १६.८ ग्रॅम, आतली ५० मायक्रॉन पॉली (पॉलिथिन) ४६, शाई आणि अ‍ॅडेसिव्ह चार-पाच. एकूण साधारण ६७. म्हणजे एक पाऊच ४.९ ग्रॅमचा, किलोत दोनशे. छापणाऱ्याने ‘किमान ३०० किलो’ म्हटलं की साठ हजार पाऊच झाले! एवढे वर्षभरात खपणार नसतील, तर साधा पाऊच आणि छापील लेबल बरं.

खप असेल तर मात्र रोटोला तोड नाही. फोटोतले शेंगदाणे उठून दिसतात, शेड पहिल्या रोलपासून शेवटच्यापर्यंत टिकते, आणि उलटी छपाई, म्हणजे वरच्या फिल्मच्या आतल्या बाजूला केलेली, दोन फिल्मच्या मध्ये बंद होत असल्याने घासली जात नाही. फक्त अक्षरंही ठिपक्यांतूनच बनतात. घटकांची यादी बारीक ठेवली, त्यातही रंगीत पट्टीवर पांढरी, तर काना-मात्रा भरून जातात. ती एकाच गडद रंगात घ्या. मजकूर बदलला तरी एकच सिलिंडर नवा करावा लागेल. किंमत, बॅच, तारीख सिलिंडरवर नकोच; ती पाऊच भरताना कोडरने (तारीख छापणाऱ्या छोट्या यंत्राने) मारा.

मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात. शाईतलं सॉल्व्हंट, इथाइल अ‍ॅसिटेट, झटकन उडतं, फिल्म थंड पडते, दमट हवेतलं पाणी शाईवर बसतं. शाई धुरकट होते, पकड जाते. थोडं सावकाश उडणारं सॉल्व्हंट मिसळतात का, विचारा. छपाई चालू असतानाच, लॅमिनेशनच्या (दोन फिल्म चिकटवण्याच्या) आधी, छापील बाजूला सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. शाई निघाली तर रोल पुढे जाऊ देऊ नका.

नमुना मीटरभर तरी मागा. लांबीच्या दिशेने सलग बारीक रेघ दिसली तर डॉक्टर ब्लेडखाली (सिलिंडरवरची जादा शाई पुसणाऱ्या पात्याखाली) कचरा अडकलाय किंवा ब्लेडला खाच पडलीये. मग रिकामा पाऊच सील करून रात्रभर ठेवा, सकाळी फोडून हुंगा. वास आला तर सॉल्व्हंट राहिलंय. शाई आयएस १५४९५ (खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरच्या शाईचं भारतीय मानक) प्रमाणे, टोल्यूइनविरहित असल्याचं लेखी घ्या. शंका असल्यास अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये तपासणी करून घेता येते.

आणि सिलिंडर तुमच्या मालकीचे, हे बिलावर लिहून घ्या. नाहीतर छापणारा बदलताना ते अडकून पडतात.