अर्जात शिवी कशी लिहावी

तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहायला मला एकवीस वर्षं झाली. जातिवाचक शिवीगाळीची तक्रार घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगतो, "जातीवरून घाण घाण बोलला." तेवढ्यावर अर्ज लंगडा पडतो. शिवी जशीच्या तशी लिहा, जातीच्या नावासकट. फुल्या मारू नका. समोरचा वकील पहिल्यांदा तेच धरतो, नेमका शब्द काय होता म्हणून.

मग जागा. अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) ला शिवी लोकांदेखत दिलेली लागते. पार, हापसा, पिठाची गिरणी, जिथं घडलं ते लिहा अन् तिथं उभ्या असलेल्यांची नावं घाला. नुसते घरचे साक्षीदार पुरत नाहीत. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना दिलेली शिवी या कलमात बसत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलंय. शिवी देणाऱ्याला तुमची जात ठाऊक होती, हेही लिहा.

शिवीतला तोच जातीचा शब्द आतल्या खिडकीवर जातीच्या दाखल्यावर छापून मिळतो अन् पोरगी तो शिष्यवृत्तीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेते. वस्तीच्या पत्त्यात मात्र घालू नका. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं सरकारनंच डिसेंबर २०२० मध्ये ठरवलं.

बाईमाणसाच्या तोंडून शब्द निघत नाही. खोदून विचारू नये. मी कागद पुढं सरकवतो, "मावशी, तुम्हीच लिहा." लिहिता येत नसलं तर सोबतच्याला बाजूला घेऊन विचारतो. अर्ज दिल्यावर टपरीवर कुणी "काय म्हणला होता रे?" केलं, तर "अर्जात हाय" म्हणायचं अन् चहा प्यायचा.

अंगठा घेण्याआधी अर्ज वाचून दाखवायची माझी सवय. एका म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्यानं वाचला. शेजारी सातबाऱ्याची रांग. शिवीही तशीच ठणकावून वाचली. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आबा शाई लागलेला अंगठा तसाच धरून म्हणाले, "पारावरबी असंच हसले होते."

आता त्या शब्दावर नुसतं बोट ठेवतो अन् पुढं वाचतो. कानानं कमी असलेल्याला टेबलाच्या आत, माझ्या शेजारी बसवतो.