खिडकी बदलायची की दुरुस्त करायची? आधी चौकट तपासा

पहिल्याच पावसात खिडकीखालची भिंत ओली झाली की बरेच जण लगेच नव्या खिडकीचं कोटेशन मागवतात. थोडं थांबा. झडपा, रोलर, बिजागऱ्या, रबर, काच हे सगळं सुटं बदलता येतं. भिंतीत बसवलेली चौकट मात्र तशी बदलता येत नाही, म्हणून निर्णय तिच्यावर घ्यायचा: चौकट शाबूत असेल तर दुरुस्ती, ती गेली असेल तर नवी खिडकी.

त्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा. कोरड्या दिवशी, बाहेरून सुरक्षितपणे हात पोचत असेल तर नळीने बारीक धार सोडा. आधी फक्त खिडकीखालच्या दगडी पट्टीवर १० मिनिटं, मग चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि शेवटी छज्जावर. क्रम खालून वर असाच ठेवा; वरून सुरुवात केली तर ओघळाने सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. आत एकाने लक्ष ठेवून उभं राहायचं. छज्जा भिजवल्यावरच ओल उमटली, तर दोष छज्जा आणि भिंतीच्या सांध्यात आहे. तिथे वॉटरप्रूफिंग न करता नवी खिडकी बसवली, तर पुढच्या पावसात तीच ओल पुन्हा दिसेल.

स्लायडिंग खिडकीत पाणी ट्रॅकमधून आत सांडत असेल, तर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. ते दोन-तीन मिनिटांत बाहेर निघून गेलं पाहिजे. साचून राहिलं तर पाणी जायची भोकं सिमेंट, रंग किंवा धुळीने बुजली आहेत. पातळ तार आणि जुना टूथब्रश पुरतो. काही खिडक्यांना ही भोकं पाडलेलीच नसतात. अशा वेळी ट्रॅकच्या बाहेरच्या उभ्या कडेला, अगदी तळाशी, दोन्ही टोकांजवळ ६ मिमीची भोकं पाडून घ्या, आणि आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये उतरेल अशी वाट मधल्या कडांनाही द्या. ट्रॅकच्या तळाला खालच्या दिशेने भोक पडू देऊ नका, ते पाणी थेट भिंतीत जातं.

झडप जड चालते म्हणजे बहुधा रोलर झिजलेत. झडप वर उचलून तिचा तळ आतल्या बाजूला घेतला की ती निघते. वरच्या मजल्यावर हे काम दोघांनी मिळूनच करा. जुना रोलर नमुना म्हणून दुकानात न्या, मापं वेगवेगळी असतात, आणि एका झडपेचे दोन्ही रोलर एकदमच बदला. झडपेच्या कडेची केसाळ पट्टी दबून चपटी झाली असेल तर तीही बदला. धूळ आणि आवाज दोन्ही कमी होतात. पण हमरस्त्याच्या आवाजाने झोप लागत नसेल, तर स्लायडिंगवर खर्च करू नये असं आमचं मत आहे. ती कधीच घट्ट मिटत नाही. तिथे रबरावर दाबून बंद होणारी, बिजागरीची खिडकीच घ्यावी.

समुद्राजवळच्या घरांत ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. ती वरवरची असेल तर धुऊन जाते; खाली खड्डे पडले असतील आणि कोपऱ्यांतले स्क्रू धरत नसतील, तर चौकट संपली. साधे लोखंडी स्क्रू हे यामागचं मोठं कारण, म्हणून दुरुस्तीत स्टेनलेसचेच वापरा.

लाकडी खिडकीची परीक्षा पेचकसाने होते. पावसाचं पाणी तळाच्या कोपऱ्यांत मुरतं, म्हणून तिथे टोचून बघा. टोक जेमतेम रुतलं तर लाकूड चांगलं. लोण्यासारखं आत गेलं, तर कुजका भाग किती वर चढलाय ते बोटाबोटाने टोचत मोजा. चौकटीच्या उभ्या लाकडाचा तळाचा वीतभर भागच गेला असेल, तर सुतार तो तिरका कापून सागाचा तुकडा जोडू शकतो. वाळवीने चौकट आतून पोखरली असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ती काढाच. आणि नवी बसवण्याआधी भिंतीतल्या वाळवीवर उपचार करून घ्या. पावसाळ्यात फुगून अडकणारी झडप लगेच रंधू नका, नाहीतर उन्हाळ्यात फट पडेल. कुठे घासते तिथे पेन्सिलने खूण करा आणि दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर, थोडं थोडं रंधा. गोव्यातल्या जुन्या घरांतली शिंपल्यांची तावदानं असतील, तर शक्य तोवर दुरुस्तीच करा. ती गेली की तशी परत मिळणं फार कठीण.

बदलायचंच ठरलं, तर फ्लॅटमध्ये आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि काम मे संपायच्या आत उरकेल अशा बेताने ऑर्डर द्या. भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. कुजकी लाकडी चौकट आत ठेवून तिच्यावर नवी ठोकून घेऊ नका. खालच्या दगडी पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवाच. फटीत सिलिकॉन भरण्याआधी जुनं सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून काढा, कारण त्याच्यावर नवं नीट चिकटत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही आणि धातूलाही खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा, आणि फट पूर्ण कोरडी असतानाच भरा.